मुलांनी सिगारेटकडे वळू नये म्हणून सरकारकडे नेमकं काय मागावं?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा दिसतो: तरुण मुलांनी धूम्रपानाकडे वळू नये म्हणून सरकारपुढे सूचना मांडायच्या आहेत. तुमच्या गटातले निम्मे लोक शाळांमधल्या प्रबोधनावर अडून आहेत, निम्म्यांना विक्रीसाठीचं किमान वय १८ वरून २१ करून हवंय, आणि हाताशी असलेला वेळ नि माणसं पाहता एकच मागणी नीट लावून धरता येईल. मग कोणती धरावी?

मी बरीच वर्षं तंबाखू नियंत्रणाच्या धोरणांवर काम करते आहे. नियमांचे मसुदे लिहायचे, त्यांवर आलेल्या हरकतींना उत्तरं तयार करायची, आणि नियम लागू झाला की तपासणी पथकाबरोबर हिंडून तो खरंच पाळला जातो का ते बघायचं, असं माझं काम. त्या अनुभवावरून सांगते, एकच मागणी असेल तर कराची धरा. दोन झेपत असतील तर दुसरी विक्री परवान्याची. किमान वयाचा मुद्दा त्यानंतर, आणि शाळेतलं प्रबोधन सगळ्यांत शेवटी. हा क्रम तुमच्या गटातल्या दोन्ही बाजूंना खटकेल याची कल्पना आहे, म्हणून कारणं सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न जरा वेगळा मांडू. मुलं सिगारेट ओढून का बघतात, यावर चर्चेत फार वेळ जातो. कुतूहल असतं, मित्रांची संगत असते, मोठं झाल्यासारखं वाटतं. ही कारणं कुठलाच कायदा पुसून टाकू शकत नाही. धोरणाला हात घालता येतो तो पहिली सिगारेट आणि रोजची सवय यांच्या मधल्या काळात. हा काळ कधी काही महिन्यांचा असतो, कधी दोन-तीन वर्षांचा. या दिवसांत मूल सहसा अख्खं पाकीट विकत घेत नाही. मित्राकडून एखादी घेतं, दोघांत एक ओढतं, मध्ये कित्येक आठवडे काहीच होत नाही. पुढची सिगारेट मिळायला किती सोपी आहे, किती स्वस्त आहे, घशाला किती सौम्य लागते आणि आजूबाजूला किती नेहमीची वाटते, यावर ते मूल तिथेच थांबणार की पुढे जाणार हे बरंचसं ठरतं. आणि या चारही गोष्टींवर सरकारचं नियंत्रण असू शकतं.

अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, २०१२ चा अहवाल मुलांच्या नि तरुणांच्या धूम्रपानाबद्दलच होता. रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी जवळजवळ ९० टक्के लोकांनी पहिली सिगारेट १८ वर्षांच्या आत ओढलेली असते, असं त्यात नोंदवलं आहे. वाढत्या मेंदूवर निकोटीनची पकड लवकर बसते आणि घट्ट बसते, हे त्यामागचं शरीरशास्त्र. तंबाखू कंपन्यांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. फिलिप मॉरिसच्या १९८१ च्या एका अंतर्गत अहवालात आजचा किशोरवयीन मुलगा म्हणजे उद्याचा संभाव्य नियमित ग्राहक, अशा अर्थाचं वाक्य आहे. असे हजारो कागद १९९० च्या दशकातल्या खटल्यांमुळे बाहेर आले. कॅमल सिगारेटच्या जाहिरातीत एक कार्टून उंट होता. १९९१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की सहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलं त्या उंटाची सिगारेटशी बरोबर जोडी लावत होती. मिकी माऊस त्यांना जेवढा ओळखीचा, जवळपास तेवढाच हा उंट. १९९७ मध्ये ती जाहिरात बंद झाली, पण तोवर एक पिढी तिच्यासोबत वाढली होती.

आता प्रबोधनाकडे येते. शाळेत तंबाखूबद्दल शिकवू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. कौशल्यांवर भर देणारे, मुलांना नकार द्यायला शिकवणारे काही कार्यक्रम थोडाफार फरक पाडतात. पण धोरण म्हणून फक्त त्यावर विसंबलं तर काय होतं, याचा एक अतिशय कसोशीने केलेला अभ्यास उपलब्ध आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ४० शालेय जिल्ह्यांत तो झाला. निम्म्या जिल्ह्यांत तिसरीपासून थेट बारावीपर्यंत तंबाखूविरोधी अभ्यासक्रम राबवला, शिक्षकांना खास प्रशिक्षण दिलं, आणि आठ हजारांहून अधिक मुलांचा शाळा संपल्यानंतर दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. २००० साली निष्कर्ष आले. दोन्ही गटांत धूम्रपानाच्या प्रमाणात लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. संशोधक चांगले होते, पैसा होता, चिकाटी होती, तरीही.

असं का होतं, हे वर्गात मुलांशी बोललं की कळतं. नववी-दहावीच्या मुलांना सिगारेटमुळे काय होतं ते विचारा. कर्करोग, हृदयविकार, फुप्फुसं, सगळं घडाघडा सांगतात. मग विचारा, तुमच्यापैकी कोणी आज ओढायला लागलं तर पाच वर्षांनी ओढत असेल का? बहुतेक जण नाही म्हणतात, त्याआधी सोडून देऊ म्हणतात. प्रत्यक्षात शाळकरी वयात नियमित ओढणाऱ्या चारांपैकी तीन जण प्रौढपणीही ओढत राहतात, असं तोच २०१२ चा अहवाल सांगतो. म्हणजे मुलांना आजाराची माहिती नाही असं नाही. व्यसन आपल्याला लागणार नाही अशी त्यांची खात्री असते, आणि ती खात्री तक्ते दाखवून ढळत नाही.

प्रबोधनाच्या मागणीबद्दल मला आणखी एक गोष्ट सावध करते. तिला कधीच कोणी विरोध करत नाही. कर वाढवा म्हटलं की दुसऱ्या दिवशी निवेदनं येतात, शाळेत भाषणं ठेवा म्हटलं की सगळे माना डोलावतात, कंपन्यासुद्धा. फिलिप मॉरिसने १९९८ पासून अमेरिकेत 'विचार करा, ओढू नका' अशा आशयाची तरुणांसाठीची मोहीम स्वतःच्या पैशाने चालवली होती. त्याच सुमारास 'ट्रुथ' नावाची दुसरी मोहीम सुरू होती. कंपन्या तुम्हाला कसं जाळ्यात ओढतात, हेच ती मुलांना सरळ दाखवत होती. २००२ मध्ये दोन्हींची तुलना प्रसिद्ध झाली. ट्रुथच्या जाहिराती पाहिलेल्या मुलांमध्ये तंबाखूविरोधी मतं पक्की झाली होती. कंपनीच्या जाहिराती पाहिलेल्या मुलांमध्ये उलट पुढे ओढून बघण्याकडे कल थोडा जास्त दिसला. यात नवल नाही. 'सिगारेट ही मोठ्यांची गोष्ट आहे, तू अजून लहान आहेस' हा संदेश चौदा वर्षांच्या मुलाला आमंत्रणासारखाच ऐकू येतो. तेव्हा जनजागृती मागायचीच असेल तर ती सरकारी पैशातून, कंपन्यांना दूर ठेवून, मोठ्या माध्यमांत आणि वर्षानुवर्षं चालणारी मागा. एक दिवसाचं भाषण आणि पोस्टर स्पर्धा मागू नका.

किमान वयाबद्दल माझं मत जास्त अनुकूल आहे, पण त्यात अटी आहेत. १८ वरून २१ करण्यामागचा तर्क बऱ्याच जणांना उलटा समजतो. हेतू फक्त अठरा ते वीस वर्षांच्या मुलांना रोखण्याचा नसतो. पंधरा वर्षांच्या मुलाला सिगारेट बहुतेक वेळा थोड्या मोठ्या मित्राकडून मिळते. अठरा वर्षांचा मित्र त्याच शाळेत, त्याच मैदानावर, त्याच घोळक्यात असतो. एकवीस वर्षांचा सहसा नसतो. मर्यादा २१ केली की पुरवठा करणारी माणसं मुलाच्या वर्तुळातून बाहेर जातात. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नीडहॅम गावाने २००५ मध्येच हे केलं. २००६ ते २०१० या काळात तिथल्या शाळकरी मुलांमधलं धूम्रपान १३ टक्क्यांवरून ७ वर आलं, तर आसपासच्या तुलनेच्या गावांत १५ वरून १२ वर. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने देशभर २१ ची मर्यादा लागू केली.

अट आहे ती अंमलबजावणीची. तपासणीतली एक पद्धत सांगते, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. तिला चाचणी खरेदी म्हणतात. पालकांची लेखी संमती घेऊन सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला विक्रेत्याकडे पाठवायचं. नियम कडक असतात: वय विचारलं तर खरं सांगायचं, ओळखपत्र मागितलं तर खरं दाखवायचं, हुज्जत घालायची नाही, मोठं दिसण्यासाठी वेगळा पेहराव करायचा नाही. आम्ही नजरेआड थांबतो. काही विक्रेते रांग मोठी असते म्हणून मान वर न करता पाकीट पुढे सरकवतात. हे समजू शकतं. पण काही जण वय विचारतात, मुलगी 'सोळा' म्हणते, ते क्षणभर तिच्याकडे बघतात आणि तरीही देतात. त्यांना कायदा ठाऊक असतो म्हणूनच तर वय विचारलं. ते देतात कारण पकडले गेले तरी जाणार काय, तर एखादा किरकोळ दंड, तोही क्वचित. गमावण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं.

म्हणून परवाना. तंबाखू विकायला स्वतंत्र परवाना लागत असेल, तो ठरावीक मुदतीने नूतनीकरणाला येत असेल, आणि दुसऱ्यांदा पकडल्यावर काही आठवड्यांसाठी निलंबित होत असेल, तर तोच विक्रेता ओळखपत्र मागायला लागतो. परवाना शुल्कातून तपासणीचा खर्चही निघतो, म्हणजे दरवर्षी अंदाजपत्रकात हात पसरावे लागत नाहीत. शिवाय सरकारला पहिल्यांदा कळतं की तंबाखू विकणारी ठिकाणं आहेत तरी किती आणि कुठे कुठे. ही यादीच नसेल तर शाळेजवळ विक्री बंद करण्याचा नियम कागदावरच राहतो.

या बाबतीतले दोन जुने अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या वुडरिज गावात परवाना, दंड आणि नियमित चाचणी खरेदी एकत्र आणल्यावर अल्पवयीनांना होणारी विक्री सुमारे ७० टक्क्यांवरून दीड वर्षात ५ टक्क्यांखाली आली, आणि सातवी-आठवीतल्या मुलांचं सिगारेट ओढून बघणं आणि नियमित ओढणं निम्म्याहून जास्त घटलं. हा १९९१ चा अभ्यास. दुसरा मॅसॅच्युसेट्सचा, १९९७ चा. तिथे नियम पाळणाऱ्या विक्रेत्यांचं प्रमाण ८२ टक्क्यांपर्यंत नेलं, तरी मुलांमधलं धूम्रपान कमी झालं नाही. ज्यांना हवी होती त्यांनी उरलेले विक्रेते शोधले किंवा मोठ्यांकडून मिळवली. याचा अर्थ मी असा लावते, की विक्रीवरची बंदी अर्धवट पाळली गेली तर तिचा परिणामही निम्मा मिळत नाही, जवळपास काहीच मिळत नाही. तुमच्याकडे आज १८ ची मर्यादाच पाळली जात नसेल, तर २१ मागण्याआधी परवाना आणि तपासणी मागा. एकदा ती यंत्रणा उभी राहिली की २१ ची मागणी खरोखर जोरदार ठरते.

इथेच एक विनंती. सिगारेट बाळगणाऱ्या किंवा ओढणाऱ्या मुलांनाच दंड करा, अशी सूचना चर्चेत हमखास येते. ती स्वीकारू नका. अशा शिक्षांनी मुलांचं ओढणं कमी होतं याचा पुरावा कच्चा आहे, आणि विकणारे नि बनवणारे यांच्यावरची जबाबदारी अलगद मुलांवर सरकते. व्यसनाच्या उंबरठ्यावर असलेलं मूल मदतीसाठी शिक्षकांकडे यायला हवं. पकडले जाऊ या भीतीने ते लपायला लागलं, तर आपण त्याला गमावलं.

आता कर, ज्यावर मी सगळ्यांत जास्त भर देते. किंमत १० टक्क्यांनी वाढली की सिगारेटचा खप श्रीमंत देशांत साधारण ४ टक्क्यांनी आणि गरीब-मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधारण ५ टक्क्यांनी कमी होतो, हा अनेक देशांतून पुन्हा पुन्हा हाती आलेला आकडा आहे. तरुणांवर हा परिणाम मोठ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होतो. कारणं साधी आहेत. मुलांच्या हातात पैसा कमी असतो. त्यांचं व्यसन अजून पक्कं नसतं, त्यामुळे नाही मिळाली तरी चालतं. तिसरं कारण अभ्यासांत कमी दिसतं, पण मुलांशी बोलताना नेहमी ऐकू येतं: महाग सिगारेट कोणी फुकट देत नाही. मघाशी म्हटलं तसं, पहिल्या दहा-वीस सिगारेटी दुसऱ्याच्या पाकिटातून आलेल्या असतात. किंमत वाढली की ते पाकीट पुढे करणारा हात आखडता होतो. शाळेतलं भाषण किंवा ओळखपत्राची तपासणी या देवाणघेवाणीपर्यंत पोहोचत नाही. किंमत पोहोचते.

मात्र 'कर वाढवा' एवढंच लिहून देऊ नका, कारण कराची रचना चुकली तर परिणाम हवेत विरतो. किमतीच्या टक्केवारीने कर असेल तर स्वस्त ब्रँडवर तो कमी बसतो आणि मुलं नेमकी तिकडे वळतात. म्हणून मुख्य भार नगावर मागा, प्रत्येक सिगारेटला ठरावीक रक्कम, ब्रँड कुठलाही असो. लांबीनुसार किंवा किमतीनुसार वेगवेगळे टप्पे असतील तर ते एकत्र करायला सांगा. फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्याने हेच केलं: टप्पे काढून टाकत २०१७ पर्यंत सगळ्या सिगारेटींवर एकच दर आणला आणि वाढीव महसुलाचा मोठा वाटा आरोग्यसेवेला दिला. तिथलं प्रौढांमधलं तंबाखू सेवन २००९ मध्ये २९.७ टक्के होतं, ते २०१५ मध्ये २३.८ वर आलं. दुसरं म्हणजे, महागाई आणि लोकांचं उत्पन्न वाढत असताना कर जागीच राहिला तर सिगारेट प्रत्यक्षात स्वस्त होत जाते. त्यामुळे दरवर्षी आपोआप वाढ होण्याची तरतूद कायद्यातच असू द्या. तिसरं, वाढ ठळक असू द्या. चिमूटभर वाढ कंपन्या स्वतः पचवतात किंवा हळूहळू अशी पसरवतात की ग्राहकाला जाणवतच नाही. किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष तुमच्या निवेदनात जरूर उद्धृत करा, तो अधिकाऱ्यांना परिचित असतो.

सुट्या सिगारेटींची विक्री आणि छोटी पाकिटं यांचा मुद्दा कराला जोडूनच मांडा. कर कितीही वाढवला तरी एक-एक नग विकत मिळत असेल, तर मुलाच्या खिशाला तो धक्का बसत नाही. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारात, जो २००३ मध्ये मंजूर होऊन फेब्रुवारी २००५ मध्ये लागू झाला, कलम १६ मुलांना होणाऱ्या विक्रीबद्दल आहे आणि त्यात सुट्या सिगारेटी नि छोटी पाकिटं यांचाही उल्लेख आहे. युरोपीय संघाने तर पाकिटात किमान २० सिगारेटी असण्याची सक्ती केली आहे.

कर म्हटलं की दोन आक्षेप येतील, त्यांची तयारी ठेवा. पहिला तस्करीचा. तो पूर्ण खोटा नाही. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून २०२० पर्यंत दरवर्षी साडेबारा टक्के कर वाढवला, तरुणांमधलं धूम्रपान तिथे खूप खाली आलं, पण अलीकडच्या वर्षांत बेकायदा सिगारेटींचा बाजार तिथे मोठी डोकेदुखी झाला आहे. माझ्या मते यातून कर वाढवू नका असा धडा निघत नाही. कर वाढेल त्या वेगाने पाकिटांवरचे शोध-क्रमांक (पाकीट कुठून आलं ते सांगणारे), सीमाशुल्काची माणसं आणि विक्री परवानेही वाढायला हवेत. ज्या देशांत सिगारेट स्वस्त आहे तिथेही तस्करी भरपूर चालते, कारण ती कारभाराच्या ढिलाईवर पोसली जाते. दुसरा आक्षेप, गरिबांवर बोजा पडतो. इथे सरळ सांगा की किंमत वाढल्यावर सगळ्यांत जास्त संख्येने सोडतात किंवा सुरूच करत नाहीत ते कमी उत्पन्नाच्या घरातलेच लोक, आणि तंबाखूच्या आजारांचा खर्चही त्याच घरांना सगळ्यांत जड जातो. सोबत सिगारेट सोडण्यासाठी मोफत मदत मागितलीत तर हे म्हणणं आणखी प्रामाणिक ठरतं.

इथवर आपण किंमत आणि उपलब्धता पाहिली. 'नेहमीची वाटणं' आणि 'सौम्य लागणं' या दोन गोष्टी राहिल्या.

तपासणीला गेले की मी कधीकधी खाली वाकून, साधारण दहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून विक्रेत्याचं काउंटर बघते. उभ्या माणसाला जे दिसत नाही ते तिथून दिसतं: गोळ्या-चॉकलेटच्या बरणीला लागून रंगीत पाकिटांची रांग, लटकवलेले लायटर, किमतीची ठळक पट्टी. टीव्हीवर नि वर्तमानपत्रात जाहिरातींना बंदी असली, तरी ही जाहिरात दिवसभर चालू असते. आयर्लंडने जुलै २००९ मध्ये दुकानांत पाकिटं मांडून ठेवायला बंदी घातली. त्यापूर्वी ८१ टक्के मुलांना दुकानात सिगारेटी मांडलेल्या पाहिल्याचं आठवत होतं, नंतर २२ टक्क्यांना. आणि आपल्या वयाची पाचातल्या एकाहून जास्त मुलं ओढतात असं मानणाऱ्या मुलांचं प्रमाण ६२ वरून ४६ टक्क्यांवर आलं. हा दुसरा आकडा मला फार मोलाचा वाटतो. 'सगळेच ओढतात' हा समज मुलाला सुरुवात करायला लावतो, आणि तो समज फक्त पाकिटं कपाटात गेल्याने खाली आला. साध्या, ब्रँडच्या रंगांशिवायच्या पाकिटांचा नियमही याच जातीचा. ऑस्ट्रेलियाने तो डिसेंबर २०१२ मध्ये सगळ्यांत आधी लागू केला.

चवीबद्दल थोडक्यात. पहिला झुरका खोकला आणतो, घसा जाळतो, आणि हा त्रासच कित्येक मुलांना वाचवतो. मेन्थॉल आणि इतर स्वाद तो त्रास झाकतात. कॅनडाने २०१७ मध्ये आणि युरोपीय संघाने मे २०२० मध्ये मेन्थॉल सिगारेटींवर बंदी घातली. ई-सिगारेटला हेच सूत्र लावा. अमेरिकेत नववी ते बारावीच्या मुलांमध्ये तिचा वापर २०१७ मध्ये ११.७ टक्के होता, एका वर्षात २०.८ वर गेला. गोड स्वाद, घशाला न लागणारं निकोटीन क्षार आणि खिशात लपणारं यंत्र, तिन्ही एकत्र आले होते. प्रौढांना सिगारेट सोडायला ई-सिगारेट द्यावी की नाही यावर जाणकारांत खरे मतभेद आहेत. ती मुलांपासून दूर ठेवण्यावर मतभेद नाहीत, आणि तुमच्या निवेदनाला तेवढं पुरतं.

न्यूझीलंडने डिसेंबर २०२२ मध्ये ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांना कधीच सिगारेट विकायची नाही असा कायदा केला, आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये तो अंमलात येण्यापूर्वीच रद्द झाला. मालदीवने मात्र नोव्हेंबर २०२५ पासून १ जानेवारी २००७ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी अशी बंदी लागू केली आहे. मला ही कल्पना मनापासून आवडते, कारण ती सिगारेटला मोठं झाल्याचं बक्षीस ठरू देत नाही. पण तिच्यासाठी परवाने आणि तपासणी आधी पक्की लागते, आणि सरकार बदललं तरी टिकेल इतका जनतेचा पाठिंबाही.

तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते. कर लावण्याचा अधिकार केंद्राकडे असेल आणि तुमचं निवेदन स्थानिक संस्थेकडे जाणार असेल, तर कराची मागणी तिथे वाया जाईल. मग परवाना, मांडणीवर बंदी आणि धूरमुक्त सार्वजनिक जागा हा गठ्ठा धरा. धूरमुक्त जागांचं नाव मुलांच्या संदर्भात क्वचित निघतं, पण आयर्लंडने मार्च २००४ मध्ये कामाच्या जागा धूरमुक्त केल्या तशा नियमाने मुलांसमोर ओढणारी मोठी माणसंच कमी दिसतात. तुमच्या भागातली मुलं सिगारेटऐवजी दुसऱ्याच तंबाखूजन्य पदार्थाने सुरुवात करत असतील, तर कर त्यावरही तितकाच बसला पाहिजे, नाहीतर मुलं फक्त वाट बदलतील. आणि बैठकीला कोण बोलावलं आहे ते पाहा. जागतिक कराराच्या कलम ५.३ नुसार आरोग्य धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून सुरक्षित ठेवणं सरकारवर बंधनकारक आहे. कंपन्यांचे प्रतिनिधी 'भागीदार' म्हणून बसलेले दिसले तर हे कलम पहिल्याच बैठकीत लेखी मांडा. नंतर मांडलं तर तोवर मसुदा बदललेला असतो.

मसुदा देण्याआधी एक काम मात्र करून ठेवा, आणि त्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही. दोन-तीन शाळांच्या मदतीने, पालकांची संमती घेऊन, नावं न विचारता मुलांची छोटी पाहणी करा. गेल्या तीस दिवसांत ओढली का? शेवटची सिगारेट कुठून आली: विकत घेतली, मित्राने दिली, की घरातून घेतली? सुटी घेतली की पाकीट? विकणाऱ्याने वय विचारलं का? या चार प्रश्नांची उत्तरं हाती असतील तर परवाना आधी मागायचा की सुट्या विक्रीवर बंदी, हे तुमच्या गटात वाद न होता ठरेल. शिवाय नियम लागू झाल्यावर वर्षभराने तेच प्रश्न पुन्हा विचारता येतील. आधीचे आकडे नसतील तर नियम चालला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तो मागे घ्या म्हणणाऱ्यांचं काम सोपं होतं.